आखाजीच्या आधीची जागा

"चला, मिटलं एकदाचं," रतनलाल म्हणाला आणि त्यानं रेडिओचा आवाज बारीक केला.

जीवरामनाना दुकानाच्या पायरीवर बसले होते, ते तसेच बसून राहिले. रतनलालचं कापडाचं दुकान त्यांच्या बिऱ्हाडापासून चार घरं सोडून होतं. रोज संध्याकाळच्या बातम्यांना ते इथं यायचे. लढाईच्या दिवसांत या पायरीवर बसायला जागा मिळायची नाही, माणसं रस्त्यापर्यंत उभी असायची. सप्टेंबरात लढाई थांबली, तशी माणसंही पांगली. नाना मात्र येत राहिले. बातम्यांत त्यांच्या मुलाचं, लोटनचं, नाव कधी येणार नव्हतं हे त्यांना कळत होतं. तो ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला हाजीपीरची खिंड घेताना मारला गेला होता, आणि गेलेल्या एकेका शिपायाचं नाव रेडिओ सांगत नाही. पण त्या डोंगराळ मुलखातली नावं यायची. उरी, पुंछ, हाजीपीर. ती ऐकली की मुलगा अजून कुठल्या तरी ठिकाणी आहे असं वाटायचं, त्याचा पत्ता कुणी तरी अजून उच्चारतं आहे असं वाटायचं. "काय मिटलं?" त्यांनी विचारलं. ताश्कंदला आठवडाभर बोलणी चालली होती हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं.

"आज सह्या झाल्या, नाना. दोघांनी फौजा मागं न्यायच्या. पाच ऑगस्टच्या आधी जो जिथं होता, तिथं त्यानं परत जायचं. पंचवीस फेब्रुवारीच्या आत."

"आणि पाच ऑगस्टच्या नंतर घेतलेलं?"

"ते सोडायचं. त्यांनीही सोडायचं, आपणही."

"ती खिंडही?"

रतनलाल गजानं कापड मोजत होता. त्याचा हात अर्ध्यात थांबला. भला माणूस होता. लोटनची तार आली त्या दिवशी त्यानं आपणहून दुकान बंद ठेवलं होतं, नानांच्या सुनेला, प्रमिलाला, गावाकडच्या गाडीत बसवून द्यायला स्टँडवर गेला होता. "माझ्या ध्यानातच आलं नाही, नाना," तो हळू म्हणाला. मग अवघडून तो पुढं बोलला. रशियानं दोघांना आपल्या घरी नेऊन बसवलं, एकाशी बोलायचं, मग दुसऱ्याशी बोलायचं, असं करत करत जमवलं. "त्याला तरी काय हो, वर लागूनच त्याचा मुलूख. एवढा मोठा शेजारी. उशाशी आग कुणाला पाहिजे?"

नाना उठले. धोतराचा सोगा हातात धरून ते पायरी उतरले आणि बिऱ्हाडाच्या उलट दिशेला चालू लागले. उशाशी आग कुणाला पाहिजे. हे वाक्य त्यांचं होतं. पंधरा वर्षांपूर्वी ते त्यांनी स्वतःच्या ओट्यावर उभं राहून म्हटलं होतं आणि सगळ्या गावानं माना डोलावल्या होत्या.

गाव शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. नदीवर बांध घातलेला, बांधातून निघालेला पाट, आणि पाटावर ओळीनं शेतं. पाटाच्या तोंडापाशी झुलालचं आणि सुपडूचं शेत एकमेकांना लागून होतं. दोघांच्या मध्ये वितीएवढा म्हणावा असा एक उंचवटा. धड पेरता यायचा नाही, पण तो ज्याच्याकडं, त्याला पाणी आपल्याकडं वळवता यायचं. तो तुकडा आजोबांपासून सुपडूच्या घराकडं होता. झुलालचं म्हणणं, कागदावर तो आपला आहे. दोघांपैकी कोण खरं हे नानांना त्या वेळीही नीट कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते कळून घ्यावं असं त्यांना वाटलंही नव्हतं. एक्कावन्न सालच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गाव झोक्यांवर आणि गाण्यांत असताना, झुलाल आणि त्याची तीन मुलं कुदळी घेऊन गेली आणि त्यांनी तो उंचवटा ताब्यात घेतला. चौथ्या दिवशी सुपडूची माणसं आली. झटापटीत झुलालचा थोरला, हिलाल, पाटाच्या दगडावर डोकं आपटून पडला. एकोणीस वर्षांचा होता. ढकलला म्हणणारेही होते, पडला म्हणणारेही होते. नानांनी ढकलताना पाहिलं होतं. पाटापलीकडच्या आपल्या उसात ते उभे होते.

ऊस साठ बिघे. पाटाचं पाणी या दोघांच्या भांडणात बंद पडलेलं, आणि वैशाखाचं ऊन. आता धुळ्याच्या या रस्त्यावर, थंडीत, सायकली चुकवत चालताना नानांना तो ऊस दिसत होता, पिवळा पडत चाललेला. माणसं मरू नयेत असंही वाटत होतंच. दोन्ही घरी काठ्यांना लोखंडी कडी बसत होती, अजून दोन-तीन मुडदे पडले असते हे शेंबडं पोरही सांगत होतं. पण ऊस आणि मुडदे यांतलं आधी काय मनात आलं होतं? पंधरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. गावात सगळ्यांत मोठं शेत त्यांचं, बैलजोड्या त्यांच्या, दोघांनाही कधी ना कधी त्यांच्या दारी यावं लागायचं. त्यांनी निरोप धाडला आणि दोघं आले.

दोन दिवस दोघं त्यांच्या घरी होते. सुपडू पुढच्या ओट्यावर, झुलाल मागं गुरांच्या गोठ्यापाशी. एकमेकांचं तोंड पाहायचं नाही म्हणाले, म्हणून नाना मधल्या घरातून ये-जा करत राहिले. ओट्यावर एक भाकरी खायची, गोठ्यापाशी एक खायची. त्यांना त्या येरझाऱ्या आठवल्या. त्या दोन दिवसांत त्यांना बरं वाटत होतं. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. दोन माणसं, एक मुलगा गमावलेला आणि एक तुरुंगाला भ्यालेला, दोघंही आपल्या तोंडाकडं बघताहेत, आपण उंबरा ओलांडला की मान वर करताहेत. मधल्या घरातल्या अंधारात क्षणभर थांबून त्यांनी पागोटं सारखं केलं होतं. पोलिसांना काय सांगायचं ते त्यांनीच ठरवलं, पाय घसरून पडला. आणि झुलाल हटत नाही असं दिसलं तेव्हा गोठ्यापाशी बसून त्यांनी सांगितलं, सुपडू रडतो आहे, हिलालचं नाव घेऊन रडतो आहे. सुपडू रडत नव्हता. तो ओट्यावर तंबाखू मळत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद झाला. आखाजीच्या आधी जो जिथं होता, तिथं त्यानं परत जायचं. झुलालनं अंगठा उठवला. तिसऱ्या दिवशी पाटाला पाणी आलं.

नाना घरी परतले तेव्हा प्रमिला कंदील पुसत होती. वीज होती, पण ती मधूनच जायची. तिनं नानांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "बातम्यांत काय होतं?" सव्वीस वर्षांची सून. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. तार इथं, धुळ्याच्या पत्त्यावर आली होती. ती तिनं एकटीनं वाचली, पोलक्यात ठेवली आणि गाडीनं गावी येऊन सासऱ्याच्या हातात दिली. वाटेत चार तास ती गाडीत इतर बायकांच्या मध्ये बसून आली होती आणि तिच्याकडं बघून कुणाला काही कळलं नव्हतं. तेरावं झाल्यावर नाना तिच्याबरोबर धुळ्याला आले ते राहिलेच. गावचं घर रिकामं होतं, बायको दोन वर्षांपूर्वीच गेलेली. शेत पुतण्याला करायला दिलं.

त्यांनी सांगितलं. थोडक्यात सांगितलं. तिनं काच कंदिलावर बसवली, ती नीट बसली का पाहिलं, आणि म्हणाली, "म्हणजे आता तिकडं जाताच यायचं नाही." दिवाळीत लोटनच्या पलटणीतला एक जण त्याची ट्रंक घेऊन आला होता. तो म्हणाला होता की खिंडीच्या खालच्या चढावर, युद्धबंदी रेषेच्या पलीकडं, लोटन पडला, आणि तिथंच, दोन अक्रोडाच्या झाडांपाशी त्याला अग्नी दिला. पुढं कधी सगळं निवळलं की मी वहिनींना तिथं घेऊन जाईन, असंही तो म्हणाला होता. प्रमिलानं तेव्हापासून त्या जाण्याचा उच्चार केला नव्हता. पण ती गेली असती हे नानांना आत्ता, तिच्या या एका वाक्यानं समजलं.

"माणसं मरायची थांबली, हेही आहे," नाना म्हणाले. सवयीनं म्हणाले. म्हटल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला, गोठ्यापाशी बसून बोलणारा.

"हो," प्रमिला म्हणाली. "मलाही ते समजतं. शाळेत विचारलं तर मी तेच सांगेन, चांगलं झालं म्हणून. पण नाना, मला आज त्यांचा फार राग आलाय. सही करणाऱ्यांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेला निघाली आणि पाच मिनिटांत परत आली. गल्लीत माणसं उभी होती. रतनलालनं फळ्या लावून घेतल्या होत्या आणि त्याचा रेडिओ बंद दुकानाच्या आतून चालू होता. सही केल्यानंतर काही तासांतच, तिथंच, परक्या मुलखात, पंतप्रधान वारले होते. बायका दारांत उभ्या राहून डोळे पुसत होत्या. समोरचा शिंपी मोठ्यानं रडत होता. सगळ्यांना तो साधा, लहानखुरा माणूस घरातला वाटत होता, नानांनाही वाटत होता. प्रमिला आत येऊन पिशवी खांद्यालाच ठेवून खाटेवर बसली. ती रडत नव्हती.

"काल मी त्यांना मनात काय काय बोलले," ती म्हणाली. "आता तो राग कुठं ठेवू, नाना?"

आजवर लोक त्यांच्याकडं प्रश्न घेऊन आले आणि त्यांनी उत्तर दिलं नाही असं दोनदाच झालं होतं. हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा, कागद झाला त्या संध्याकाळी. झुलालची बायको मंजुळाबाई त्यांच्या दाराशी आली होती. आत आली नाही. डोक्यावरचा पदर दातांत धरून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "ती जागा आते कोनी शे, नाना?" सुपडूची, नाना म्हणाले होते, पहिल्यासारखी. मग म्हणाली, "मंग मना पोऱ्या दुसराना वावरमा मरना का?" दुसऱ्याच्या शेतात मेला का माझा मुलगा, एवढंच विचारून ती गेली. आवाज चढवला नव्हता. त्या दिवसापासून ते घर नानांशी बोललं नाही. रस्त्यात समोर आला तर झुलाल वाट सोडून उभा राहायचा, मान खाली घालून, नाना पुढं जाईपर्यंत. गाव याला झुलालचा हेका म्हणायचं. नानांना पंचक्रोशीत मान वाढला. शिरपूरपासून लोक भांडणं घेऊन येऊ लागले. लोटनच्या तेराव्याला सगळं गाव येऊन बसलं होतं, झुलाल आला नव्हता. मंजुळाबाई मात्र आली होती. बायकांत शेवटी बसली, कुणाशी न बोलता उठून गेली. तिनं आपल्याकडं पाहावं म्हणून नाना सारखे तिकडं बघत होते. तिनं पाहिलं नाही.

बुधवारी वर्तमानपत्रात सहीच्या दिवसाचं छायाचित्र आलं. हात मिळवणारे दोघं, आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला यजमान. छपाई इतकी काळी झाली होती की मधल्या माणसाचं तोंड ओळखू येत नव्हतं. नाना ते बराच वेळ बघत राहिले. तो माणूसही मधल्या घरात क्षणभर थांबला असेल का? त्यानं एकाला दुसऱ्याबद्दल काय सांगितलं असेल? त्याच्या शेतात काय पिवळं पडत होतं? आणि हे काम वाईट होतं असंही म्हणता येईना. कुठल्या तरी गावात, दोन्हीकडच्या, आज एखादी तार जायची राहिली असेल. ज्याच्या दारी ती गेली नाही त्याला कधी कळणारही नाही. मग आपल्या छातीत हे जे बसलं आहे ते कशाचं? लोटनचं दुःख त्यांना ओळखीचं होतं, पाच महिने ते त्याच्यासोबत झोपत-उठत होते. हे वेगळं होतं. आपण पंधरा वर्षं ज्या जागी उभे होतो ती जागा कुणी तरी काढून घेतली होती आणि आता आपण गोठ्यापाशी बसलो होतो, खाली मान घालून, कुणी तरी उंबरा ओलांडून येईल आणि समजूत घालेल म्हणून.

"मी गावाला जाऊन येतो," ते प्रमिलाला म्हणाले.

"संक्रांत परवा आहे. थांबा ना."

"तोवर येतो."

शिरपूरची गाडी अर्धी रिकामी होती. माणसं गेलेल्या माणसाबद्दलच बोलत होती, हळू आवाजात, मर्तिकाच्या घरी बोलतात तशी. तापीच्या पाण्यावरून गाडी गेली तेव्हा एका म्हातारीनं हात जोडले. शिरपूरहून पुढची गाडी मिळाली. फाट्यावर उतरून नाना घरी गेले नाहीत, पुतण्याला भेटले नाहीत. पाटाच्या कडेनं सरळ चालत गेले. दुपार होती. कपाशीची शेवटची वेचणी चाललेली. झुलाल बांधावर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खात होता. केस पार पांढरे झालेले. मंजुळाबाई कपाशीत होती, तिनं नानांना आधी पाहिलं आणि तिचे हात थांबले.

झुलाल उठून उभा राहिला आणि त्यानं वाट सोडली. नाना पुढं गेले नाहीत. तेही उभे राहिले.

"झुलाल, मी तुले एक सांगाले ऊनू," नाना म्हणाले. चार महिन्यांनी अहिराणी तोंडात आली होती, ती त्यांना जड वाटली. मग त्यांनी सांगून टाकलं, एका दमात. सुपडू रडत नव्हता. एकदाही रडला नाही. आणि हिलालचा पाय घसरला नव्हता. मी उसातून पाहिलं. मी पाहून गप्प बसलो आणि तुझ्याकडून अंगठा घेतला.

झुलालनं हातातला भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवला. त्याला घाई नव्हती. "माले ठाव व्हतं," तो म्हणाला.

"काय ठाव व्हतं?"

"बठ्ठं." सगळंच. "सुपडू रडाना माणूस शे का?" तो जवळजवळ हसला. "तुना उसना पाचट हालताना मी दखेल व्हता. तू तठे शेस हाई माले ठाव व्हतं."

अंगठा मग का दिला, हे नानांना विचारावंच लागलं. "मंग आंगठा काब्र दिधा?"

"तू सांगं म्हनीसन नही दिधा, नाना." तू सांगितलंस म्हणून नव्हे. इतक्या वर्षांनी झुलालनं त्यांना नाना म्हटलं, पण त्यात आदर किंवा राग काहीच नव्हतं, नुसतं नाव घेतल्यासारखं. "दोन पोऱ्या राहेल व्हतात. म्हनीसन दिधा."

दोन मुलं उरली होती. म्हणून. नानांना वाटलं होतं ते आपलं कसब होतं. नंतर, परवापासून, वाटत होतं की ते आपलं पाप होतं. आणि ते दोन्ही त्यांचं नव्हतंच. गोठ्यापाशी बसलेल्या त्या माणसानं दोन दिवस त्यांचं सगळं खोटं ऐकून घेतलं, त्यांची भाकरी खाल्ली, उरलेली मुलं मोजली आणि अंगठा पुढं केला. त्याला मधल्या माणसाची गरज होती ती एवढ्याचसाठी, की हटलो ते स्वतःहून नव्हे असं गावाला दाखवता यावं. माफी मागायला नाना आले होते, आणि माफ करण्याजोगं आपल्याकडं किती थोडं होतं ते त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. त्यानं हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तरीही त्यांनी म्हटलं, "मनं चुकनं, झुलाल."

"हा," झुलाल म्हणाला. नाही म्हणाला नाही, असू दे म्हणाला नाही. खाली बसला आणि उरलेली भाकरी खाऊ लागला.

मंजुळाबाई कपाशीतून बाहेर आली होती. ओटीतला कापूस तिनं गाठोड्यावर रिकामा केला. "लोटन पडना ती जागा," ती म्हणाली, "आते कोनी शे?"

नानांना वाटलं होतं ती हे विचारील. धुळ्याहून निघताना, गाडीत, तापीवर, ते याच प्रश्नाची वाट बघत आले होते. त्या प्रश्नानंतर येणारं दुसरं वाक्यही त्यांना पाठ होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकायला ते तयार होते.

"त्यास्नी," ते म्हणाले. त्यांची.

तिनं ते दुसरं वाक्य म्हटलं नाही. त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तेराव्याला बघितलं नव्हतं तेवढं सगळं आत्ता बघितलं. मग वळून पाटाच्या तोंडाकडं चालू लागली आणि थोडं गेल्यावर, ते येत नाहीत असं पाहून, थांबली. नाना तिच्यामागं गेले. उंचवटा पूर्वीपेक्षा लहान वाटला. सुपडूच्या मुलांनी कडेला तुरी लावल्या होत्या. दगड तोच. दगडाच्या अंगाला थोडीशी जागा सारवलेली होती, शेण वाळून भेगाळलेलं.

"सुपडूनी बायको माले आडवत नही," मंजुळाबाई म्हणाली. "दर आखाजीले येस मी. बठस. तीच सारवी ठेवस." मग तिनं विचारलं, "तुले तठे जाता यी का?"

नानांनी मान हलवली. नाही.

"तुनी सुनले?"

"नही."

पाटातून पाणी जात होतं, थोडंसं, हरभऱ्याकडं सोडलेलं. तिनं पदरानं दगडावरचा पाचोळा झाडला.

"मंग आठेच बठ," ती म्हणाली आणि कपाशीकडं परत गेली.

नाना बसले. परक्याच्या तुरीत, परक्याच्या मुलापाशी. पाच महिन्यांत ते रडले नव्हते असं नाही, पण ते घरात, कूस बदलून, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पांघरूण धरून. इथं कुणी ऐकणार असेल तर ऐकू दे असं त्यांना वाटलं. त्यांनी लोटनला हाक मारली. एकदाच मारली, पण मोठ्यानं. वेचणीतल्या दोन बायकांनी वर पाहिलं आणि मंजुळाबाईनं त्यांना काही तरी सांगितलं, तशी त्या पुन्हा वाकल्या.

ऊन कलल्यावर झुलाल आला. अंतर ठेवून उभा राहिला. "शेवटली गाडी चुकी जाई," तो म्हणाला. नाना उठले, गुडघ्यांवर हात देऊन. झुलाल पुढं चालू लागला, नाना मागं. फाट्यावर झुलाल रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा राहिला, नाना अलीकडच्या. गाडी यायला बराच वेळ लागला. झुलालला कपाशीची गाठोडी न्यायची होती, अंधार पडायच्या आत. तरी गाडी येईपर्यंत तो गेला नाही.

संक्रांतीला प्रमिलानं यंदा आखाजी इंग्रजी कोणत्या महिन्यात येते असं विचारलं, कारण नानांनी तिला तेव्हा रजा काढायला सांगितली होती. एप्रिलात, नाना म्हणाले. आपल्याला गावाला जायचं आहे. तिनं कशाला म्हणून विचारलं, आणि मग तिच्या शेजारी बसून त्यांनी तिला हिलालबद्दल पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, उसात उभे होते तिथपासून.